पाइनॅपल सेजला पानंच पानं, फूल एकही नाही: काय तपासायचं?

दर नोव्हेंबरात हा प्रश्न ठरलेला. "झाड छातीपर्यंत आलंय, पान चुरगाळलं की अननसाचा घमघमाट सुटतो, पण फूल नाही. गेल्या वर्षीही नव्हतं. कुठलं खत घालू?" त्याच्या खालोखाल, "कळ्या आल्या होत्या हो, सगळ्या गळून गेल्या." आणि पावसाळ्यातला तिसरा, "काल टवटवीत होतं, आज मान टाकलीय, पाणी घालूनही उठत नाही."

खताबद्दल मी बऱ्याच उशिरा बोलणार आहे, कारण दहातल्या आठ वेळा दोष खताचा नसतोच. आधी हे झाड कुठून आलंय ते बघू. गंमत म्हणजे निम्मं निदान तिथेच होतं.

पाइनॅपल सेज म्हणजे साल्विया एलेगन्स, तुळशीच्या कुळातलं मेक्सिको आणि ग्वाटेमालातलं रानझुडूप. मार्टिन वाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1804 साली त्याला हे नाव दिलं. तिकडचे लोक त्याला 'मिर्तो' म्हणतात आणि मन बेचैन असलं, झोप लागत नसली की त्याचा काढा पितात. साधारण 1,800 ते 2,700 मीटर उंचीवर पाइन आणि ओकची जंगलं आहेत, त्यांच्या उतारांवर ते आपसूक वाढतं. शरद ऋतू लागला की लाल, निमुळत्या नळ्यांसारखी फुलं येतात आणि हमिंगबर्ड त्यांच्यावर घिरट्या घालतात.

आता नकाशावर बघा. मेक्सिको सिटी आहे 19.4 अंश उत्तर अक्षांशावर आणि पुणं 18.5 अंशांवर. दोन्हीकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. तिकडच्या मध्य पठारावरही पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. उन्हाळाही एप्रिल-मे, पावसाच्या तोंडावर. म्हणजे या झुडपाने पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवलेलं पंचांग आपल्याकडे जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं. लंडनच्या किंवा टोरांटोच्या माणसाचं हे भाग्य नाही.

दोन गोष्टी मात्र जुळत नाहीत: उंची आणि उतार. मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर, पुणं 560 वर. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते असं धरलं तर एकट्या उंचीमुळे दहा-अकरा अंशांचा फरक पडतो. आणि डोंगरउतारावरच्या ज्वालामुखीच्या मोकळ्या मातीत पाणी मुळाशी थांबत नाही, आपल्या कुंडीत थांबतं. म्हणून "आपल्या हवेत हे फुलतच नाही" हे नर्सरीतलं ठोकळेबाज उत्तर मला पटत नाही. फुलण्याची वेळ त्याला बरोबर कळते. आपण तिच्यात कुठेतरी लुडबुड करतो, किंवा झाड इतकं गांजलेलं असतं की फुलण्याची ताकदच उरत नाही.

सुरुवातीला दोन मिनिटांची खात्री

झाड खरंच पाइनॅपल सेज आहे ना? बागेत हिवाळ्यात लावतात तो नेहमीचा लाल साल्विया हा ब्राझीलचा वेगळा भाऊबंद आहे. त्याची पानं रुंद, फुलाखालचा पेलासुद्धा लालभडक, आणि पानाला अननसाचा वास अजिबात नाही. पाइनॅपल सेजचं पान लांबट, टोकदार, किंचित लवदार, आणि फुलाचा पेला हिरवट. खोड दोन्हींचं चौकोनी, तेव्हा त्यावरून ठरवू नका. पान चोळून बघा, बस.

दुसरं, वेळ झाली का? जुलैत फूल नाही म्हणून कोणी हवालदिल झालं तर त्याला एवढंच सांगायचं, थांबा. हे झुडूप रात्र लांबली की फुलतं. सप्टेंबर सरता सरता आपल्याकडे दिवस बारा तासांच्या आत येतो, त्यानंतर शेंड्यात हालचाल सुरू होते. कोजागिरीच्या आसपास शेंडे रोज बघायला लागा. पानांच्या वाढीचा शेंडा पसरट असतो, कोवळ्या पानांची जोडी हाताचे तळवे उघडावेत तशी फाकलेली. कळीचा शेंडा उभा निमुळता होतो, पानं एकदम लहान, बोटाच्या पेराएवढी होतात, पेरं जवळजवळ येतात आणि प्रत्येक पेराभोवती हिरव्या दाण्यांचं कडं दिसतं. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. हा शेंडा एकदा ओळखता आला की मग नुसतं वाट बघणं उरतं.

दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागलं तरी असा एकही शेंडा नसेल, तर पुढे वाचा.

रात्रीचा दिवा

शहरात हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे आणि कोणाच्या डोक्यातही येत नाही, कारण आपण झाड बघतो ते दिवसा.

झाड दिवसाची लांबी मोजतं असं आपण म्हणतो खरं, पण मोजतं ते रात्रीच्या अखंड अंधाराला. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते एका रूपात, अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात. रात्र पुरेशी लांब आणि सलग असली तर पानाकडून शेंड्याला फुलण्याचा निरोप जातो. मध्येच उजेड पडला की तो हिशेब मोडतो. शेवंती लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. बाजारभाव साधायला ते पॉलिहाऊसमध्ये मध्यरात्री काही तास दिवे लावतात आणि फुलणं हवं तेवढं पुढे ढकलतात. ते मुद्दाम करतात, आपण नकळत करतो. तुमच्या गच्चीवरचं पॉइन्सेटिया नाताळात लाल होत नसेल तर तिथेही बहुधा हेच दुखणं आहे. तेही मेक्सिकोचंच, आणि त्यालाही लांब रात्रच लागते.

आमच्या सोसायटीत जिन्याजवळ एक पाइनॅपल सेज आहे. जिन्याचा दिवा रात्रभर चालू. नोव्हेंबरात त्या झाडाकडे बघितलं तर कुणी मधून रेघ मारल्यासारखं दिसतं. कंपाउंडच्या भिंतीकडची बाजू लालेलाल, दिव्याकडची नुसती हिरवी. एकच मूळ, एकच माती, तेच पाणी. खताने हा फरक पडू शकत नाही. तुमच्याही झाडाची एक बाजू फुलत असेल आणि दुसरी नसेल तर पुढचं काही तपासू नका, दोषी सापडला.

तपासायचं कसं? रात्री दहाला झाडापाशी जाऊन उभे राहा. तुमची सावली झाडावर स्पष्ट पडते का? वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता येतात का? येत असतील तर उजेड जास्त आहे. कोजागिरीच्या चांदण्याने काही बिघडत नाही, ते एक लक्सच्याही (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत असतं. रस्त्याच्या दिव्याखाली सहज दहा-वीस लक्स भरतात. पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. त्यांच्या उजेडातही झाडाला फसवायला पुरेसा लाल भाग असतो.

आणि एक खास आपला दिवा म्हणजे आकाशकंदील. वसुबारसेच्या आधी लागतो, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लटकतो, कोणाकोणाकडे तर नाताळचा तारा येईपर्यंत. नेमके हेच कळ्या धरायचे आठवडे. बाल्कनीत कंदिलाखाली कुंडी असेल तर कंदील काढू नका, वर्षाचा सण आहे. कुंडी हलवा.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे. कुंडी असेल तर गणपती विसर्जनानंतर ती अंधाऱ्या बाजूला न्या, पण दिवसाचं ऊन तिथे मिळायला हवं. जागा बदलता येत नसेल तर दिवा आणि झाड यांच्या मध्ये आडोसा करा: जुनी फळी, जाड ताडपत्री, काळा कपडा बांधलेली चौकट. झाड पूर्ण झाकायची गरज नाही, दिव्याचा थेट झोत पानावर पडला नाही म्हणजे पुरे. सोसायटीच्या दिव्याला चाहूल लागली की पेटणारा सेन्सर बसवता आला तर वीजही वाचेल. पण वर्दळीच्या जिन्यात तो रात्रभर पेटत-विझत राहील, मग उपयोग नाही. काहीच जमत नसेल तर तिन्हीसांज झाली की झाडावर काळा कपडा टाकायचा आणि उजाडलं की काढायचा. कळी डोळ्यांनी दिसेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, हे चालवावं लागेल.

परदेशी सल्ल्यांत संध्याकाळी पाच ते सकाळी आठ झाका वगैरे वाचाल. तो खटाटोप त्यांना, आपल्याला नाही. ऑक्टोबरात आपली रात्र मुळातच पुरेशी लांब आहे, ती फक्त अखंड ठेवायची. उलट ऑक्टोबर हीटमध्ये उन्हात कपडा तसाच राहिला तर झाड आत शिजेल.

कात्री आणि चहा

दुसरं कारण घरातल्या माणसांचं. पाइनॅपल सेजची पानं सरबतात छान लागतात, गरम चहात वरून टाकली तर वास उतरतो (उकळू नका, उकळलं की अननस उडून जातो आणि पाला उरतो). पाहुणे आले की दोन शेंडे खुडायचे, लिंबू सरबतात सोडायचे, कौतुक करून घ्यायचं. हरकत काहीच नाही, पण इथे फूल शेंड्यालाच येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे एक तुरा गेला.

जून-जुलैत मात्र भरपूर खुडा. शेंडा मोडला की खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं, पुढे तुरेही वाढतात. ज्यांनी कधीच खुडलं नाही त्यांचं झाड शिडीसारखं उंच जातं आणि वाऱ्याने मोडतं. याच्या फांद्या फार ठिसूळ, पावसाळी वाऱ्यात सांध्याशी कटकन तुटतात, तेव्हा बांबूचा आधार द्या. गणपती बसले की कात्री बंद, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. त्यानंतर चहाला पान हवंच असेल तर फांदीच्या मधलं जून पान तोडा, वास त्यालाही असतो.

ऑक्टोबरात कुंडी बदलू नका, मुळं छाटू नका. ही कामं मृगाच्या पावसाबरोबर.

पावसात मान टाकणं

माती ओली आणि पानं लोंबलेली, हे दोन्ही एकत्र दिसलं की समजा मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात आणखी पाणी ओतणं. दुपारी बाराच्या उन्हात मान टाकून संध्याकाळी उठणारं झाड वेगळं. ते तहानलेलं असतं, किंवा त्याची कुंडी लहान पडलेली असते. सकाळी सातलाही मान खालीच असेल तर प्रकरण मुळांचं.

कुंडी आडवी करून मातीचा गोळा सरकवून बघा. निरोगी मूळ पांढरट, टणक. कुजलेलं तपकिरी, बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत बारीक दोरा उरतो, त्याला गटाराचा वास येतो. थोडीच मुळं गेली असतील तर ती कापा, कोरड्या मिश्रणात लावा, वरचा निम्मा पसारा छाटा आणि सावलीत ठेवा. सगळी गेली असतील तर झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका, वरचे हिरवे शेंडे कापून फांद्या लावा. पाइनॅपल सेजसारखं चटकन मूळ धरणारं झाड विरळा. चार-पाच इंचाची फांदी, खालची पानं काढलेली, नुसत्या पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी साधारण दोन आठवड्यांत मुळं दिसतात. म्हणून दर पावसाळ्यात दोन रोपं तयार करून ठेवावीत, मग मूळ झाड गेलं तरी हळहळ होत नाही. तसंही दोन-तीन वर्षांनी झुडूप लाकडी होतं, बुडातून उघडं पडतं, नवं लावलेलं बरं.

माती कशी असावी? दख्खनची काळी माती या झाडाला अजिबात नको. बसाल्टची म्हणजे तीही ज्वालामुखीचीच लेक, पण चिकण इतकी की पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते. मी पोयटा एक भाग, जुनं शेणखत अर्धा भाग, आणि विटांचा बारीक चुरा किंवा जाड वाळू एक भाग घेते. नुसतं कोकोपीट भरलेल्या हलक्या कुंड्या गच्चीसाठी लोकप्रिय आहेत, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्या स्पंजासारख्या भिजून राहतात, तेव्हा कोकोपीट पाव भागाच्या वर नको. कुंडी बारा ते चौदा इंचांची. भोकावर खापरी ठेवा, आणि कुंडी स्लॅबवर सपाट टेकवू नका, खाली विटांचे तुकडे सरकवा. बशी पावसाळ्यात काढूनच टाका. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. तेवढाच उतार आपल्या हातात आहे.

कळ्या येऊन गळणं

ही तक्रार बहुधा ऑक्टोबर हीटची. पाऊस थांबतो, ऊन चढतं, आपण पावसाळ्याच्या सवयीने पाणी घालायचं विसरतो. कळीच्या वेळी एकदा माती खडखडीत झाली की शेंड्याचे दाणे काळपट होऊन झडतात. तेव्हा या महिन्यात रोज बोट घालून बघा, वरचा इंचभर सुकला की पाणी.

पाणी नीट असूनही गळत असतील तर पान उलटं करा. खाली पांढरा कागद धरून फांदी झटकली आणि कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी दिसते, जास्त झालं की जाळी. कोरड्या, उबदार हवेत तो भराभर वाढतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, तीन-चार दिवसांनी पुन्हा, एवढ्याने बहुतेक काम होतं. पांढरी माशी असेल तर फांदी हलवली की पीठ उडाल्यासारखी उठते. तिला लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घोटून संध्याकाळी फवारा. फुलं उमलल्यावर फवारणी नको, मधमाश्या येतात.

फुलाच्या बुडाशी बारीक चीर किंवा भोक दिसलं तर घाबरू नका, तो रोग नव्हे. काळे मोठे भुंगे लांब नळीत तोंड घालण्याचा त्रास घेत नाहीत, बाहेरूनच नळी फाडून मध चोरतात. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. त्यांच्या जागी शिंजीर येतात, हवेत तरंगत नाहीत, फांदीवर बसून मान वाकडी करून चोच घालतात. त्यांच्या वजनानेही एखादा तुरा मोडतो, चालायचंच.

आता खत

पानं हाताच्या पंजाएवढी, गडद हिरवी, लुसलुशीत, आणि दोन पेरांमधलं अंतर लांबलचक, असं झाड दिसलं तर नत्र जास्त झालंय. डोंगरउतारावरच्या झुडपाला एवढं खाण्याची सवय नसते. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत, मध्ये जीवामृत, वर नीमपेंड, अशी सरबराई करणारी मंडळी असतात. शेवंतीला, गुलाबाला ते मानवतं, याला नाही. जूनमध्ये एकदा प्रत्येक कुंडीला दोन मुठी शेणखत, ऑगस्टमध्ये आणखी एक मूठ, मग बंद.

कळीच्या आधी 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात एक-दोनदा घातलं तर चालेल. न घालताही फुलतं. आणि रात्रीचा दिवा तसाच ठेवून फुलांचं खत ओतत बसलात तर दुकानदाराचं भलं होईल एवढंच. केळीच्या सालीचं पाणी, ताक, वापरलेली चहापत्ती यांबद्दलही माझं मत तेच आहे. त्यांनी अपाय फारसा नाही, पण त्यांच्या भरवशावर ऑक्टोबर वाया जातो.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जितकं ऊन द्याल तितकं कमीच, किमान अर्धा दिवस तरी. मार्च सरला की दुपारी सावली. एप्रिल-मेत पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली कुंडी भाजून निघते.

तुमचं गाव कुठलं त्यावर

नाशिक, पुणं, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात वरचं सगळं तसंच्या तसं लागू. महाबळेश्वर-पाचगणीची उंची आणि गारवा या झाडाच्या मनासारखा, पण महाबळेश्वरचा पाऊस नाही. तिथे पागोळ्यांच्या आत, वर पत्रा किंवा प्लास्टिकचं छप्पर असलेल्या उजेडाच्या जागी कुंडी ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यात झाड जगवायचं असेल तर मे पार पाडणं हेच मुख्य काम. पूर्वेची बाजू, निम्मी सावली देणारी हिरवी जाळी, मुळाशी वाळक्या पानांचं आच्छादन. झाड निम्मं वाळलं तरी उपटू नका, पाऊस पडला की बुडातून फुटण्याची शक्यता असते.

मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री उबदार, हवा दमट, पाऊस धो धो. तिथे मोठं झुडूप जपण्यापेक्षा पावसात छपराखाली एक आईझाड ठेवावं, ऑगस्टमध्ये त्याच्या फांद्या लावाव्यात आणि ती ताजी रोपं पाऊस ओसरला की उघड्यावर आणावीत. तुरे लहान येतील, पण येतील. मुंबईत उंच मजल्यावरच्या मागच्या बाल्कन्या या बाबतीत बऱ्या, रस्त्याचा दिवा तिथवर पोचत नाही. समोरच्या टॉवरवरची जाहिरात मात्र पोचते.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असलेल्यांचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिकडे उन्हाळ्याचा दिवस पंधरा-सोळा तासांचा, झाड माणसाएवढं होतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठे कळ्या धरायला लागतं आणि पहिलं हिमदव सगळ्यावर पाणी फिरवतं. तिथे झाड कुंडीतच वाढवा आणि थंडी पडण्याआधी गार, भरपूर उजेडाच्या खोलीत घ्या. पण अशी खोली निवडा जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही, नाहीतर दिवाणखान्याच्या ट्यूबखाली पुन्हा तीच गोष्ट. 'हनी मेलन' नावाचा बुटका वाण लवकर फुलतो, तिकडच्या लोकांनी तोच शोधावा. ऑस्ट्रेलियात सगळं सहा महिने पुढे-मागे, तिथे मार्च-एप्रिलमध्ये शेंडे बघायचे.

एक तक्रार वारंवार येते म्हणून सांगते. "नर्सरीतून आणलं तेव्हा फुलांनी भरलेलं होतं, मग आमच्याकडेच का नाही?" फुलांतलं झाड विकत घेतलंत तर ते कळ्या घेऊनच आलेलं असतं. नर्सऱ्या बऱ्याचदा गावाबाहेर, शेतात असतात, तिथे रात्री खरा अंधार असतो. त्या फुलांवरून तुमच्या बाल्कनीबद्दल काहीच कळत नाही, ते कळतं दुसऱ्या वर्षी.

सगळं करूनही नाही आलं तर

मग अंदाज बांधत बसू नका, झाडालाच विचारा. जुलैत एकाच झाडाच्या तीन फांद्या लावा आणि एकसारख्या कुंड्यांत, एकाच मिश्रणात वाढवा. सप्टेंबरच्या शेवटी पहिली कुंडी आईझाडाशेजारी ठेवा. दुसरी घरातल्या किंवा शेजारच्या अशा जागी, जिथे रात्री काळोख असतो आणि दिवसा ऊन. तिसरी गावातल्या किंवा शहराबाहेरच्या कोणाकडे, आत्याकडे, मामाकडे, जिथे अंगणात दिवा नाही. पाणी तिघींना सारखं, खत कोणालाच नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरी आणि तिसरी फुलली, पहिली नाही, तर जागेचा उजेड. तिसरी एकटीच फुलली तर तुमच्या काळोख्या कोपऱ्यातही कुठून तरी झोत येतोय, रात्री पुन्हा एकदा जाऊन उभे राहा. तिन्ही फुलल्या आणि आईझाड तेवढं हिरवंच राहिलं तर ते म्हातारं तरी झालंय, नाहीतर त्याच्या मुळांची कुंडीत गच्च गाठ झालीय. त्याला फेब्रुवारीत जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, मृगाला मोठ्या कुंडीत हलवा, आणि तरीही पुढच्या दिवाळीला रुसलं तर या तिघींपैकी एकीला त्याची जागा द्या. तिन्हींपैकी एकही फुलली नाही, तर पान पुन्हा एकदा चोळून वास घ्या.